रेडिएशननंतर मान कडक झाली आहे आणि तोंड उघडत नाही

प्रश्न
माझ्या सासऱ्यांना (आम्ही त्यांना आण्णा म्हणतो) जिभेच्या मुळाशी झालेल्या कर्करोगासाठी दीड वर्षापूर्वी रेडिएशनचे ३५ शेक दिले होते. गाठ गेली, मात्र चार महिन्यांपासून त्यांची मान उजवीकडे लाकडासारखी घट्ट लागते आणि तोंडात जेमतेम दोन बोटे मावतात. भाकरी सुटली आहे, आणि पांढऱ्या रश्श्यात मऊ कालवलेला भात गिळतानाही ठसका लागतो. इतक्या उशिरा हा त्रास का सुरू झाला असेल, आणि त्यावर काही इलाज आहे का?

उत्तर १ (फिजिओथेरपिस्ट, राजारामपुरी)
किरणांमुळे गाठीभोवतीचे निरोगी स्नायू आणि बारीक रक्तवाहिन्याही दुखावतात. ती इजा भरून काढताना शरीर गरजेपेक्षा जास्त कोलॅजन (जखम भरणारे चिवट तंतू) तयार करत राहते, ते साचून स्नायू घट्ट होतात, आणि हे काम उपचार संपल्यावरही महिनोन्‌महिने, कधी कित्येक वर्षे चालू राहते. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधले अंतर ३५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर त्याला ट्रिसमस म्हणतात. गाठ परतल्यानेही तोंड आवळते, म्हणून व्यायामाआधी कर्करोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्याच. ठसक्याकडेही दुर्लक्ष करू नका, कारण अन्न श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. त्यासाठी गिळण्याचे प्रशिक्षण देणारे स्पीच थेरपिस्ट असतात.

उत्तर २
मी स्वतः यातून गेलो आहे. घसा तपासताना डॉक्टर ज्या लाकडी पट्ट्यांनी जीभ दाबतात, त्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायला मला शिकवले होते. सुरुवातीला ११ पट्ट्या कशाबशा मावत. दिवसातून पाच-सहा वेळा, घाई न करता ताण देत राहिल्यावर चार महिन्यांनी १६ मावू लागल्या, आणि त्या दिवशी मी भाकरीचा घास चावून खाल्ला. मला पेंटॉक्सिफायलिन (रक्तप्रवाह सुधारणारे औषध) आणि ई जीवनसत्त्वही दिले होते, पण खरा फरक व्यायामानेच पडला असे मला वाटते. एक कळकळीची विनंती आहे: दात दुखला तरी रेडिएशन झाल्याचे सांगितल्याशिवाय तो काढून घेऊ नका, कारण किरण लागलेल्या जबड्याच्या हाडाची जखम भरणे अवघड असते.

प्रश्नकर्ती
आज पट्टीने मोजले, तर अंतर २४ मिलिमीटर भरले. आण्णांना हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. तरीही पेंटॉक्सिफायलिन चालेल का?

उत्तर १
दोन्ही औषधे एकत्र घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्यामुळे हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ते मुळीच सुरू करू नका. मानेला शेक बसल्यावर थायरॉइडही मंदावू शकते, तेव्हा रक्त द्याल त्या वेळी टीएसएचची (थायरॉइडचे काम कळण्यासाठीची) तपासणीही करून घ्या.