बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) प्रवेश : कॉलेजची प्राध्यापकांची यादी वाचायची कशी? (मदत हवी आहे)

सातारकर

नमस्कार मंडळी. भाचीसाठी विचारतोय. नीट झाली आहे, एमबीबीएसचा नाद आम्ही सोडला आहे आणि तिला फिजिओथेरपीच करायची आहे. (हे "मिळालं नाही म्हणून" नाही. आजोबांना लकवा झाला तेव्हा घरी येणाऱ्या फिजिओ मॅडमचं काम तिने जवळून पाहिलंय.) सीईटी सेलचा पसंतीक्रम भरायचा आहे. सरकारी आणि महापालिकेच्या जागा मोजक्याच, त्यामुळे खरी निवड खासगी कॉलेजांतच करावी लागणार.

फी, होस्टेल, अंतर यांचा हिशेब मला जमतो. अडतोय ते प्राध्यापकांच्या यादीपाशी. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर ती आहे आणि प्रत्येक नावामागे अक्षरांची मालगाडी : एमपीटीएच, पीएचडी, एमआयएपी, सीओएमटी, एनडीटी, डीपीटी, शिवाय "सर्टिफाइड ड्राय नीडलिंग". एका कॉलेजात जवळजवळ सगळे "मस्क्युलोस्केलेटल". दुसऱ्यात माणसं कमी, पण चार-पाच वेगवेगळे विषय दिसतात. तिसऱ्यात नावं आणि हुद्दे दिलेत, विषयच नाही.

यातलं वजनदार काय आणि सजावट कोणती? यादी बघून कॉलेज निवडणं मुळात शहाणपणाचं आहे का? या क्षेत्रातल्यांनी कृपया सांगावं. आमच्या घरात कॉमर्सच्या पलीकडे कुणी गेलेलं नाही.

गुडघेदुखी

सातारकर, मी बरीच वर्षं शिकवतोय. कॉलेजचं नाव सांगणार नाही, उगाच शंका नकोत.

आधी अक्षरांची चाळण करू. पदवी म्हणजे बीपीटीएच, एमपीटीएच (त्यापुढची पदव्युत्तर) आणि पीएचडी. सहाय्यक प्राध्यापक व्हायला एमपीटीएच लागतेच, त्यामुळे ती सगळ्यांकडे असणार, त्यात कौतुक काही नाही. बघायचं ते एमपीटीएच कशात केली आहे. एमआयएपी ही पदवी नाही, ते इंडियन असोसिएशन ऑफ फिजिओथेरपिस्ट्सचं सभासदत्व आहे. संस्था १९५५ पासूनची, सभासद असणं चांगलंच, पण त्यावरून शिकवण्याबद्दल काही कळत नाही.

राहिली प्रमाणपत्रं. त्यांची एक मोळी बांधू नका. टेपिंग (अंगावर पट्ट्या चिकटवणं), ड्राय नीडलिंग (स्नायूत बारीक सुई टोचणं) हे बरेचदा शनिवार-रविवारचे वर्ग असतात. एनडीटी (मेंदूच्या आजारांसाठीची बोबाथ पद्धत) कित्येक आठवड्यांची असते आणि त्यात खरे पेशंट हाताळावे लागतात. मॅकेन्झीमध्ये (पाठ-मानेच्या दुखण्यासाठीची पद्धत) चार भाग करून वर परीक्षा आहे. माझ्या लेखी बालरोग शिकवणाऱ्याकडे एनडीटी असेल तर ते वजन आहे. त्याच माणसाच्या नावामागे अशी सात लेबलं असतील तर मी जरा साशंक होतो.

आता मुख्य मुद्दा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षी फिजिओथेरपीचे चार खांब येतात : मस्क्युलोस्केलेटल (हाडं, सांधे, स्नायू), न्यूरो (मेंदू आणि नसा), कार्डिओ-रेस्पिरेटरी (हृदय आणि श्वसन) आणि कम्युनिटी (रुग्णालयाबाहेर, समाजात जाऊन करायचं काम). प्रत्येक खांबाला त्याच विषयात एमपीटीएच केलेली किमान एक अनुभवी व्यक्ती हवी. सगळे मस्क्युलोस्केलेटल असतील तर आयसीयूतल्या पेशंटची छाती मोकळी करायला कोण शिकवणार? शिकवतात हो, पुस्तकातून शिकवतात. तुमचं दुसरं कॉलेज माणसं कमी असूनही मला बरं वाटतंय ते म्हणूनच.

मस्क्युलोस्केलेटलवाले जास्त का, तर बाहेर पाठ-मान-गुडघ्याचे पेशंट सर्वात जास्त, क्लिनिक त्यावर चालतं, म्हणून त्या जागांना मागणी. कार्डिओ-रेस्पिरेटरीवाल्याला मोठ्या रुग्णालयाशिवाय कामच नाही. त्यामुळे कॉलेजात तो टिकून असेल तर जोडलेल्या रुग्णालयात आयसीयू नीट चालतो असं धरायला हरकत नाही.

कोयनाकाठ

+१. एक भर घालते. पहिल्या वर्षाचे ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री हे विषय फिजिओ शिकवत नाहीत. ज्या कॉलेजला त्याच आवारात मेडिकल कॉलेज आहे तिथे त्यांचेच प्राध्यापक येतात आणि डिसेक्शन हॉलही मिळतो. इतर ठिकाणी बाहेरून मानधनावर कुणीतरी येतं. यादीत ही नावं "अतिथी" म्हणून शेवटी टाकलेली असतात किंवा नसतातच. फोन करून सरळ विचारा : ॲनाटॉमीला कोण आहे, आणि मृतदेहावर शिकायला मिळतं की मॉडेलवर?

इंटर्न_दादर

मी महापालिकेच्या रुग्णालयात इंटर्नशिप करतेय. काका, कागदावरच्या यादीपेक्षा सर-मॅडम पेशंटपाशी उभे राहतात का ते जास्त महत्त्वाचं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण १९५०च्या दशकापासून चालू आहे. अशा जुन्या ठिकाणी गर्दीच इतकी की शिक्षकांना ओपीडीत उतरावंच लागतं. स्ट्रोकच्या पेशंटला पहिल्यांदा उभं करताना आपला हात कुठे हवा, गुडघा कुठे अडवायचा, त्याने घाबरून आपल्यालाच धरलं तर काय करायचं, हे कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं. वर्गात प्रोजेक्टरवर ते येत नाही.

माझी एक मैत्रीण खासगी कॉलेजात आहे (नाव नाही). यादीत मोठ्ठी नावं आहेत आणि त्यांतली काही तिने फक्त विद्यापीठाची समिती तपासणीला आली त्या दिवशी पाहिली!! न्यूरोची पोस्टिंग पार पडली ती ट्यूटरच्या भरवशावर. ती ट्यूटर चांगली होती म्हणून निभावलं.

त्यामुळे चौथ्या वर्षाच्या किंवा इंटर्नशिपच्या मुलामुलींना गाठा. "कॉलेज कसं आहे?" असं विचारू नका, सगळे "छान आहे" म्हणतात. असं विचारा : मागच्या महिन्यात केस प्रेझेंटेशन कुणी घेतलं? आयसीयूत सोबत कोण असतं? ओपीडीत रोज किती पेशंट तुझ्या वाट्याला येतात?

रेवा_डॅलस

इथला अनुभव सांगते, तुलनेसाठी. मी पुण्यातून बीपीटीएच करून इकडे आले. अमेरिकेत फिजिकल थेरपिस्ट व्हायचं तर आता डीपीटी हीच प्रवेशाची पदवी आहे. त्यामुळे इथल्या विद्यापीठात प्राध्यापकाच्या नावामागे डीपीटी दिसली तर त्याचा अर्थ "ही व्यक्ती फिजिओ आहे" एवढाच. संशोधनाची डॉक्टरेट म्हणजे पीएचडी किंवा तत्सम, ती वेगळी. मान्यता देणाऱ्या कॅप्टे या संस्थेचा नियमच आहे की मुख्य प्राध्यापकवर्गात किमान ५० टक्के लोकांकडे अशी शैक्षणिक डॉक्टरेट हवी. डीपीटी त्यात मोजत नाहीत.

पण फक्त पीएचडीवाले भरूनही चालत नाही, क्लिनिकल स्पेशलायझेशन असलेलेही लागतात. ओसीएस (ऑर्थो), एनसीएस (न्यूरो), पीसीएस (लहान मुलं) ही अक्षरं त्याची. ही राष्ट्रीय परीक्षा देऊन मिळतात आणि दहा वर्षांच्या चक्रात टिकवून ठेवावी लागतात. चांगल्या विभागात चालण्याच्या विश्लेषणावर संशोधन करणारी आणि आठवड्यातून एखादा दिवस क्लिनिकमध्ये पेशंट बघणारी, अशी दोन्ही माणसं एकाच कॉरिडॉरमध्ये असतात.

तिकडच्या यादीत डीपीटी दिसली तर मात्र कुठून आणि कशी केली ते विचारा. आधीच फिजिओ असलेल्यांसाठी पुढची डीपीटी असते आणि ती बरीचशी ऑनलाइन होते. अभ्यास असतो त्यात, नाही असं नाही, पण ती पीएचडीच्या पंक्तीत बसवू नका.

सातारकर

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीला वाचायला दिलं, ती चार खांबांचा तक्ता करून बसली आहे. पहिल्या कॉलेजात कम्युनिटीला कुणीच नाही हे तिने शोधलं.

एक राहिलं. काही नावांपुढे नुसतं "पीएचडी" आहे. कशात केली, खरी किती, हे आमच्यासारख्याला कसं कळणार? आणि गुडघेदुखी सर, पदवीच्या मुलीला प्राध्यापकाच्या पीएचडीचा उपयोग तरी काय?

गुडघेदुखी

शोधगंगावर बघा. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. नाव टाकलं की विषय, मार्गदर्शक, वर्ष दिसतं. सगळेच सापडतील असं नाही, विद्यापीठागणिक कमी-जास्त आहे. पबमेडवर (वैद्यकीय शोधनिबंधांची ऑनलाइन सूची) नाव टाकलंत तर शोधनिबंध दिसतील, फक्त आपल्याकडे एकाच नावाची माणसं पुष्कळ, म्हणून कॉलेजचं नाव जुळवून बघा. "पीएचडी (चालू)" असंही लिहितात. त्याला नाव ठेवू नका, पण ती झालेली धरू नका.

उपयोग काय? पदवीला थेट फार नाही, खरं सांगतो. शेवटच्या वर्षीच्या छोट्या प्रोजेक्टला फरक पडतो, आणि "हे मशीन का लावायचं" असं विचारल्यावर उत्तर "असंच लावतात" येतं की पुरावा येतो, त्यातही पडतो. कॉलेजात एमपीटीएच चालू आहे का ते बघा, ते जास्त कामाचं. पदव्युत्तर अभ्यासक्रम असेल तर विद्यापीठाने मान्यता दिलेले मार्गदर्शक तिथे लागतातच, आणि वॉर्डात सीनियर मुलंमुली असतात. निम्मं शिक्षण त्यांच्याकडून होतं.

बारामतीचा_बाळू

मी जरा उलट बोलतो. अभ्यासक्रम संपेपर्यंत निम्मे शिक्षक बदलतात. खासगीत पगार बेताचा, चांगला माणूस क्लिनिक टाकतो नाहीतर परदेशी जातो. आज बघितलेली यादी मुलगी शेवटच्या वर्षाला जाईपर्यंत राहणार आहे का? रुग्णालय मात्र जागचं हलत नाही. किती खाटा, आयसीयू आहे का, अपघाताचे पेशंट येतात का, लहान मुलांचा विभाग आहे का, एवढं बघा आणि पसंतीक्रम भरून मोकळे व्हा.

गुडघेदुखी

बाळूशेठ, खाटांचं बरोबर आहे. शिक्षक सोडून जातात हेही खरं, मीच दोन कॉलेजं बदललीत. पण म्हणूनच यादीत रुजू झाल्याची तारीख असेल तर ती आधी वाचा. ज्या विभागाचे प्रमुख आठ-दहा वर्षं तिथेच आहेत, तिथे हाताखालचे बदलले तरी घडी मोडत नाही. सगळेच गेल्या वर्षभरात आलेले दिसले तर विचारा, आधीचे कुठे गेले?

इंटर्न_दादर

आणि काका, एकदा तिला घेऊन सकाळी दहाच्या सुमारास कॉलेजच्या फिजिओ ओपीडीत जाऊन बसा. दुपारी नको, दुपारी सगळीकडेच शांत असतं. कुणी हटकलं तर सांगा, प्रवेशासाठी बघायला आलोय. तारखा जवळ आल्या की कागदपत्रांच्या धावपळीत हे राहून जातं, म्हणून याच आठवड्यात उरका.

सातारकर

गुरुवारी दुसऱ्या कॉलेजात जातोय, दहा वाजता. तिसऱ्याला फोन केला होता, विषयवार यादी मागितली, "मेल करा" म्हणाले. केलाय. उत्तर आलं की इथे टाकतो.