बॉनेटखालून सेल्फ मारण्यासाठी बटण कुठे जोडू?

जुनी_कार्बोरेटर
माझी गाडी कार्बोरेटरवाली, चार सिलिंडर, मॅन्युअल गिअर. किल्लीत चिप वगैरे काही नाही. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) मी स्वतःच सेट करतो. आजवर मुलगा आत बसून किल्ली फिरवायचा आणि मी बॉनेटखालून "बास!" म्हणून ओरडायचो. आता तो शिकायला बाहेर गेला. परवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघायचं होतं, तर गेजकडे बघू की किल्ली फिरवू, अशी अवस्था झाली. म्हणून बॉनेटखाली एक पुश बटण कायमचं बसवायचं म्हणतोय. सोलेनॉइडवर (सेल्फला करंट देणारा चुंबकी स्विच) दोन जाड बोल्ट आणि बारीक वायरीचं एक टोक दिसतं. बॅटरीची जाड केबल मधे तोडून तिथंच बटण टाकलं तर चालेल का?
आणखी एक, गरम गाडी बंद करून लगेच चालू करायला गेलं की कधीकधी नुसतं 'टक' होतं, सेल्फ फिरत नाही. याचा यात काही संबंध आहे का?

तेलकट_चिंधी
जाड केबलला अजिबात हात लावू नका. सेल्फ फिरताना त्यातून शंभराच्या वर अँपिअर जातात, बटणाचे पॉइंट चिकटतील आणि सेल्फ बंदच होणार नाही.

तुमचं काम बारीक टोकाशी आहे. बऱ्याच सोलेनॉइडवर तिथं 50 लिहिलेलं असतं आणि बॅटरीच्या बोल्टवर 30. दुसरा जाड बोल्ट मोटरचा, त्याला प्लस देऊ नका. मोटर फिरेल, पण पिनियन (इंजिन फिरवणारं सेल्फचं छोटं दातेरी चाक) पुढे सरकणार नाही. 50 वरची मूळ वायर तशीच राहू द्या, तिच्या जोडीला तुमची वायर लावा. तीही थेट बटणातून नको, कारण सोलेनॉइड ओढून घेताना बराच करंट खातो. मधे 40 अँपिअरचा रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच) टाका: रिलेच्या 30 ला बॅटरीचा प्लस, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लावून, 87 वरून वायर सोलेनॉइडच्या 50 ला, 85 अर्थ, 86 ला बटणातून प्लस.

आता यातली खरी गोष्ट. हे बटण किल्लीला विचारत नाही आणि गिअर कुठला आहे हेही बघत नाही. मी एकदा घाईत स्क्रूड्रायव्हरनं 30 आणि 50 जोडले. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. इग्निशन बंद होतं, तरी सेल्फच्या जोरावर ती हातभर पुढे आली आणि माझा गुडघा बंपर आणि भिंतीच्या मधे सापडला. महिनाभर लंगडत होतो. म्हणून मी कायमचं बटण बसवत नाही. लांब वायरीला बटण, टोकाला प्लग. काम झालं की काढून डिकीत. गाडी भलत्याच कुणाच्या हातात गेली तरी काळजी नाही. न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला लाकडी ठोकळा, आणि उभं राहायचं ते बाजूला, गाडीच्या पुढ्यात नाही.

कॉम्प्रेशन बघताना चारही स्पार्क प्लग काढा, इग्निशन कॉइलची प्लसची वायर काढून टेप गुंडाळा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला राहील असं करा. प्रत्येक सिलिंडरला सारखेच ठोके मोजा. दहा सेकंदांच्या वर सलग सेल्फ मारू नका, तो तापतो.

मीटरवाला
'टक'चा संबंध आहे. मीटरचा काळा प्रोब सोलेनॉइडच्या बॉडीला, लाल 50 ला, आणि कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. बॅटरीवर 11 आणि इथं 8 च्या आसपास दिसलं, तर बाकीचे व्होल्ट इग्निशन स्विचच्या जळक्या पॉइंटांत आणि लांबच्या वायरीत जातायत. त्यात सोलेनॉइडच्या तापलेल्या कॉइलचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून गरम असतानाच त्रास होतो. दोन्हीकडे सारखेच असतील तर मात्र सोलेनॉइडच्या आतले पॉइंट किंवा ब्रश बघावे लागतील. आधी इंजिनाची अर्थ पट्टी घासून साफ करा.

जुनी_कार्बोरेटर
शेजाऱ्यांना किल्लीवर बसवून मोजलं. बॅटरीवर 10.9, 50 ला 7.6. मग किल्लीची वायर 50 वरून काढून रिलेच्या 86 ला दिली, म्हणजे किल्लीवर आता फक्त रिलेचा भार. 50 चं टोक हिरवं पडलं होतं, ते कापून नवीन लग दाबला. आता तिथं 10.4 येतात. बटण काढता येणारंच केलं, तेही त्याच 86 ला. किल्ली बंद असताना बटण दाबलं की करंट उलटा इग्निशन स्विचकडे जाईल का, ही शंका होती. पण किल्ली बंद असताना ती वायर स्विचमध्ये कशालाच जोडलेली नसते, लाइट लागले नाहीत की इग्निशन कॉइलला प्लस गेला नाही. आज दुपारी एकट्यानं आठही टॅपेट सेट केले.