बचत गटातल्या ओळखींचं जाळं कशात काढू?

वर्धा_रोडवाली:
नमस्कार मंडळी. मी नागपुरात एमएसडब्ल्यू करते. प्रबंधासाठी एका वस्तीतल्या दोन बचत गटांच्या 42 बायांना विचारलं, अडीनडीला पैसे लागले तर आधी कोणाकडे जाता? प्रत्येकीने या 42 मधलीच 3 नावं सांगितली. चार्ट पेपरवर काढायला बसले आणि निम्म्यातच रेषांचा गुंता झाला. गणित बारावीनंतर सुटलं आहे. काय वापरू?

संत्रा_मार्केट:
ताई, गेफी घ्या, जाळ्यांची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे. एक्सेलमध्ये दोन रकाने करा, नाव घेणारी आणि जिचं घेतलं ती. साध्या रेषा नको, बाण हवेत. अमकीने तमकीचं नाव घेतलं म्हणून तमकीही तिच्याकडे जातेच असं नाही. आणि नावांऐवजी नंबर टाका. उधारीची गोष्ट आहे, वस्तीत बोभाटा व्हायला नको.

धंतोली_आकडेमोड:
चित्र काढाच. मोरेनो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने 1930 च्या दशकात शाळेतल्या पोरांना 'शेजारी कोण बसावं' विचारून असेच बाण काढले होते. पण चित्रात एखादी मधोमध दिसली म्हणून तिला मोठी समजू नका. गेफीत मांडणी पुन्हा चालवली की तीच बाई कडेला जाऊ शकते.

मोजायला सारणी करा, 42 ओळी, 42 रकाने. 7 नंबरने 19 चं नाव घेतलं तर सातव्या ओळीत, एकोणिसाव्या रकान्यात 1, नाहीतर 0. रकान्याची बेरीज म्हणजे तिच्याकडे किती जणी येतात. ओळीची बेरीज सगळ्यांची 3 च येणार, कारण तुम्हीच 3 नावं मागितली. म्हणून घनतेचा, म्हणजे शक्य बाणांपैकी किती प्रत्यक्षात आहेत त्याचा, आकडा निष्कर्ष म्हणून देऊ नका. शक्य 1722 (42 × 41) बाणांपैकी 126, हे तुमच्या प्रश्नानेच ठरलं आहे. सारणीला त्याच सारणीने गुणलं की दोन टप्प्यांत कोण कोणापर्यंत किती वाटांनी पोचते तेही कळतं. बारावीचं मॅट्रिक्स पुरतं.

संत्रा_मार्केट:
बिटवीननेसही काढा. समाजशास्त्रज्ञ फ्रीमनचं 1977 चं माप आहे. दोघींमधल्या सर्वांत जवळच्या वाटा किती वेळा तिसरीवरून जातात, ते मोजतं.

वर्धा_रोडवाली:
दादा, जमलं! 31 नंबरकडे फक्त 2 बाण येतात, चार्टवर मी तिला कोपऱ्यात टाकलं होतं. बिटवीननेसमध्ये ती पहिली. तिचा ठिपका काढला की दोन गटांमध्ये एकही बाण उरत नाही. काल तिच्या मशीनपाशी बसून विचारलं, दोन्हीकडे ओळख कशी? हातातलं ब्लाउज उलटत म्हणाली, "दोन्हीकडचं शिवण माह्याकडेच येते ना."