एआयला कायदा नको म्हणणाऱ्यांना

कृष्णाकाठ
काल इथं एकानं लिहिलं, "युरोपनं एआयचा कायदा करून स्वतःचेच पाय बांधून घेतले. भारतानं नुसती मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेच शहाणपण." वाचून डोकं तापलं. माझ्या भावानं पलूसला हळदीसाठी कर्ज मागितलं, नकार आला. का? "सिस्टिमनं रिजेक्ट केलंय." साहेबालाही कारण ठाऊक नाही. युरोपच्या कायद्यात माणसाची पत ठरवणारी यंत्रणा उच्च जोखमीची धरलीय, निर्णयाचा खुलासा मागायचा हक्क दिलाय. भावानं कुणाच्या दारात उभं राहायचं?

मिरजकर
काल मीच लिहिलं होतं. तो कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आला. देखरेखीला संस्था नेमायची मुदत २ ऑगस्ट २०२५, ती कित्येक देशांनी चुकवली. उच्च जोखमीची कलमं पुढं ढकला, असा प्रस्ताव नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपियन आयोगानंच मांडला. राबवायला माणसं नसतील तर कायदा काय चाटायचा?

वाळव्याचा ऊसवाला
हे आम्हाला विचारा! केंद्राचा १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे. ऊस घातल्यावर १४ दिवसांत पैसे, नाहीतर १५ टक्के व्याज. आमच्या कारखान्यानं चार महिने लावले. पोरीची फी व्याजानं पैसे काढून भरली. आम्हाला व्याजाचा रुपया नाही.

कृष्णाकाठ
ऊस कुठनं आला मध्येच?

वाळव्याचा ऊसवाला
मध्येच? तुमच्या भावाचं दुखणं तेवढं दुखणं, आमचं मध्येच?

कराडची मास्तरीण
भांडू नका. आमचंही उसाचं बिल थकलं होतं. आदेश होता म्हणून तर साखर आयुक्तांकडं अर्ज करता आला, वसुलीचा दाखला निघाला. उशिरा का होईना, मुद्दल मिळालं. कायदाच नसता तर कशाच्या जोरावर गेलो असतो?

वाळव्याचा ऊसवाला
मुद्दल मिळालं असेल. व्याजाचं बोला.

मिरजकर
बरं, हातात कागद लागतो, एवढं मानतो. पण त्याला नवा कायदा कशाला? बँकेनं कर्ज नाकारलं तर मुख्य कारण लेखी द्यायचं, हे रिझर्व्ह बँकेनं कधीच सांगून ठेवलंय. भावानं मागितलं का?

कृष्णाकाठ
नाही मागितलं. हे माहीत नव्हतं, चूक आमची. पण यंत्रानं साहेबालाच कारण सांगितलं नाही, तर तो लिहून काय देणार? यंत्र बनवणाऱ्यालाच कारण द्यायला लावणारं कलम मला हवंय. सोमवारी भावाला घेऊन जातो, लेखी मागतो. काय देतात ते इथं टाकतो.