वसतिगृहात राहतो, आधार गावचं: पाटोच्या ग्रंथालयाचं कार्ड कसं काढायचं?

प्रश्न:
घर सावंतवाडीला, आधारवर तिथलाच पत्ता. सध्या ताळगावला, गोवा विद्यापीठाच्या वसतिगृहात राहतो, एम.ए.चं पहिलं वर्ष. पणजीत पाटोला असलेल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयातून पुस्तकं खोलीवर न्यायची आहेत. वसतिगृहाचं पत्र चालेल, की आधार बदलावं लागेल? जुनी नियतकालिकं बघायलाही कार्ड लागतं का?

उत्तर १:
आधार बदलायला धावू नका. दोन वर्षांनी वसतिगृह सुटलं की पुन्हा बदला, आणि मधल्या काळात गावाकडच्या कागदांशी पत्ता जुळत नाही.

अर्ज अडतो तो बहुधा पत्रातल्या मजकुरावर. नुसतं बोनाफाईड म्हणजे तुम्ही विद्यार्थी आहात एवढाच दाखला. राहता कुठे हे त्यात नसतं. म्हणून वॉर्डनकडून लेटरहेडवर वेगळं पत्र घ्या: पूर्ण नाव (आधारवर आहे तसंच), वसतिगृहाचं नाव, खोली क्रमांक, कधीपासून राहता, शैक्षणिक वर्ष, सही, गोल शिक्का, तारीख. नाव एका कागदावर वडिलांच्या नावासकट आणि दुसऱ्यावर फक्त आडनावासकट असेल तर तिथेच परत पाठवतात. सोबत ओळखपत्र, आधारची झेरॉक्स, चालू वर्षाची फी पावती आणि फोटो ठेवा, मूळ कागदही बरोबर असू द्या. अर्ज घेतानाच विचारा, पत्र ग्रंथपालांच्या नावे हवं का आणि जामीनदार लागतो का. लागत असेल तर गोव्यात पत्ता असलेल्या प्राध्यापकांना आधीच सांगून ठेवा.

उत्तर २:
नियतकालिकांचं वेगळं. हे ग्रंथालय १८३२ सालचं, जुना संग्रह मोलाचा. तो घरी देत नाहीत, तिथेच बसून वाचायचा. नोंद करून बसता येतं का, ते संदर्भ विभागात विचारा. जाताना नाव, अंदाजे वर्ष आणि महिना लिहून न्या. ‘जुनी मराठी मासिकं दाखवा’ म्हटलं तर कर्मचाऱ्यांना काहीच काढून देता येत नाही. पानं ठिसूळ असतात, म्हणून झेरॉक्सचा आग्रह धरू नका. फोटो काढू देतात का विचारा आणि फ्लॅश बंद ठेवा. या कागदांचं आयुष्य आपल्याच हातात आहे.

उत्तर ३:
कार्ड काढताना भरलेल्या डिपॉझिटची मूळ पावती जपा, परत घेताना तीच मागतात. विद्यापीठाचं नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचा दाखला) मिळालं तरी पाटोचं खातं बंद होत नाही. उन्हाळी सुट्टीला खोली रिकामी करण्याआधी पुस्तकं परत करा, नाहीतर सावंतवाडीत बसून दंड वाढत राहील. कोर्स संपताना शेवटच्या परीक्षेनंतर एक दिवस राखून ठेवा: पुस्तकं, कार्ड, पावती, बँकेचा तपशील, सगळं एकाच फेरीत.

फर्मागुढी, कुंकळ्ळी किंवा झुआरीनगरला राहणाऱ्यांनी मात्र पाटोआधी फोंडा, नावेली, वास्को इथली ग्रंथालयं बघावी. मुदतीत पुस्तक परत करायला ती जवळ पडतात.