'इंग्रज केनियातून समजूतदारपणे गेले' म्हणे!

रानवारा: काल घाटमाथा यांनी लिहिलं की पोर्तुगीज मोझांबिक-अंगोलाला १९७५ पर्यंत चिकटून बसले, इंग्रजांनी मात्र केनिया समजूतदारपणे सोडला. वाचून डोकं फिरलं. १९५२ ला माऊ माऊ, म्हणजे जमिनीसाठी उठलेल्या किकुयू जमातीचं बंड, मोडायला आणीबाणी, हजारावर लोक फासावर. मार्च १९५९ मध्ये होला छावणीत ११ कैदी बडवून मारले आणि सरकार सांगत होतं, पाणी प्यायल्याने मेले! २०१३ मध्ये ब्रिटनने ५,२२८ जणांना भरपाई दिली, ती कसल्या समजूतदारपणाची?

घाटमाथा: मी तुलना करत होतो. आणि माऊ माऊंची आरती ओवाळताना लारी गाव आठवा. मार्च १९५३. किकुयूंनीच किकुयू बायकापोरं झोपड्यांत जाळली.

रानवारा: आठवतं. सूड म्हणून इंग्रजांच्या बाजूच्या होमगार्डांनी लगेच केलेली कत्तलही आठवा.

बंदरकाठ: आपल्या लोकांचं कुणीच बोलत नाही. माझे आजोबा गोव्याहून नैरोबीला गेलेले, सरकारी कारकून. एप्रिल १९५४ मध्ये नैरोबीत किकुयूंची धरपकड झाली, तीत त्यांच्याकडे कामाला असलेला किकुयू माणूस उचलला. आजोबांनी साहेबाकडे शब्दही टाकला नाही. घरी हे अभिमानाने सांगायचे, 'आपण भानगडीत पडलो नाही.'

तांबडीमाती: म्हणून सगळ्यांना एका दावणीला बांधणार? केनियाच्या स्वातंत्र्यासाठी लढलेला पियो गामा पिंटो गोव्याच्याच घरातला. १९५४ ते १९५९ कैदेत आणि नजरकैदेत. कामगार पुढारी मखनसिंग ११ वर्षं डांबलेले.

बंदरकाठ: दरवेळी हीच दोन नावं. बाकीचे हजारो दुकानात आणि कचेरीत गप्पच होते ना?

तांबडीमाती: पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या केन्याटांवर माऊ माऊ चालवल्याचा कापेंगुरियाचा खटला झाला, त्यात त्यांच्या वकिलांत कपिला होते, ते कोण? आपलेच ना! आजोबांवरचा राग समाजावर काढू नका.

बंदरकाठ: आजोबांपर्यंत जायचं काम नाही!

तांबडीमाती: त्यांना इथे आणलं कुणी? बरं, बहुतेक गप्प होते, मान्य. पण गोऱ्यांच्या राखीव डोंगराळ पट्ट्यात भारतीय माणसालाही जमीन घेता येत नव्हती. ते राज्यकर्ते नव्हते.

घाटमाथा: मूळ मुद्द्यावर या. 'समजूतदारपणे' खटकतं तर काढा तो शब्द. इंग्रज १९६३ ला, म्हणजे पोर्तुगीजांच्या १२ वर्षं आधी गेले, हे तर खरं?

रानवारा: गेले, पण जमिनीचे पैसे वसूल करून. ज्यांची हिसकावली त्यांनीच कर्ज काढून ती परत विकत घ्यायची! जंगलात लढलेल्या कित्येकांना वीतभरही मिळाली नाही. माऊ माऊवरची बंदी तर २००३ पर्यंत उठली नव्हती.

घाटमाथा: १९६३ नंतरची ४० वर्षं ती बंदी कुणी ठेवली? केन्याटांनी आणि त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष मोई यांनी. त्याचा जाब इंग्रजांना विचारणार का?