आधी जीभ आवरा, मग कोकमतेल लावा
थंडीत ओठ फुटतात त्यावर साजूक तूप, साय लावणं आणि पाणी भरपूर पिणं हे उपाय सगळे सांगतात, ते चांगलेच आहेत. पण ओठ चाटण्याची सवय राहिली की कशाचाच उपयोग होत नाही. ओठांना तेलग्रंथी नसतात, त्वचाही पातळ. लाळ सुकताना ओठातला ओलावा घेऊन जाते, म्हणून पुन्हा चाटावंसं वाटतं. माझ्या मुलाच्या खालच्या ओठाखाली दर थंडीत लाल चंद्रकोर उमटायची, जीभ जिथवर पोचते तिथवरच! सवय सुटली तशी तीही गेली.

आमच्याकडे कोकणात यावर कोकमतेल. कोकमाच्या बियांचं हे तेल थिजून घट्ट होतं, त्याचे पांढरट गोळे मिळतात. चमच्यात जरासं खरवडून दिव्यावर धरायचं, कोमट झालं की रात्री झोपताना बोटाने लावायचं. टाचांच्या भेगांनाही तेच. ते नसेल तर साधं व्हॅसलीन लावा. मेंथॉल, कापूरवाले बाम मात्र नकोत, गार वाटतात पण ओठ आणखी चुरचुरतात. सालपटं तर अजिबात ओढू नका, रक्त येतं.

आणि फक्त तोंडाचे कोपरेच चिरत असतील तर प्रकरण वेगळं. त्यामागे बुरशीचा संसर्ग, लोहाची किंवा बी जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तरी ओठ हमखास सुकतात. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच.